हरकती व सूचना

प्रति,
माननीय, जे कुणी असाल ते.
हरकती व सूचना तुम्ही मागवलेल्या नाहीत.
तरी पाठवते आहे, घणसोलीहून,
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह.

आमच्या घरात टक्क्यांची भाषा जुनी.
सासऱ्यांची खाचरं सिडकोच्या नकाशात गेली
आणि साडेबारा टक्क्यांसाठी त्यांनी
पंचवीस वर्षं चपला झिजवल्या.
म्हणायचे, तो वरचा अर्धा सोडायचा नाही गो,
कायद्यात अर्ध्याचीपण जमीन होते.

म्हणून चाळीस टक्के मला लगेच कळले.
वाशीचं पालिका रुग्णालय, बुधवार, टोकन त्रेसष्ट.
डॉक्टरांनी यादी पुढे सरकवली, एकवीस नावं.
वरून खाली वाचली, मग खालून वर,
दहावीच्या निकालात स्वतःचा नंबर शोधावा तशी.
निनादची बुद्धी चौऱ्याऐंशी भरली.
म्हणजे मंदही नाही,
आणि बरा आहे असं म्हणावं तर
काल शिकलेला भागाकार आज सकाळी नसतो.
"दिसायला तर छान आहे की," क्लार्क म्हणाले
आणि चौसष्टला हाक मारली.

त्याआधी डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं होतं,
"त्या दिवसांत काही घेत होतात?"
सासूबाई बाकावर शेजारीच.
मी म्हटलं, "गोळ्या. लोहाच्या."

इथे खरं लिहिते.
महापेला रात्रपाळी होती,
सातासमुद्रापलीकडच्या माणसांना त्यांची बिलं समजावायची.
शनिवारी पहाटे आम्ही सगळे मिळून बसायचो.
चौथा महिना लागेपर्यंत मला कळलंच नव्हतं.
हे अर्धं खरं.
कळल्यावर दोन हळदी झाल्या, एक निरोप समारंभ.
वरचा अर्धा
मी सोडत नाही.

त्याच्या नाकाखाली पन्हळ नाही.
बारशाला बायका म्हणाल्या, किती गुळगुळीत ओठ.
घड्याळ वाचतो, पण उशीर म्हणजे काय ते कळत नाही.
रबाळे नाक्यावर एकानं म्हटलं, सायकल दे जरा.
हा दिवेलागणीपर्यंत तिथेच उभा,
आणेल म्हणाला होता ना.
गेल्या दिवाळीत कुणीतरी
त्याच्याकडून तीन कागदांवर सह्या घेतल्या,
बदल्यात एक शोर्मा.
वकील हसले, काळजी नको,
अल्पवयीनाच्या सहीला किंमत नसते.
येत्या माघात त्याला अठरा पूर्ण होतात.

तर सूचना अशी की
यादीत बाविसावी ओळ घाला.
नाव लांब आहे, मराठीत अजून रुळलेलं नाही,
भातात खडा लागावा तसं दाताखाली येतं.
चालेल, सवय करू.
रस्ता ओलांडता येतो का, हे विचारू नका.
ओलांडताना अनोळखी माणसानं हाक मारली
तर तो मध्येच थांबतो का, ते विचारा,
आणि त्याचे काय ते टक्के धरा.
त्याच्या सहीपाशी कुणीतरी बसेल असं एक कलम करा.
त्याच्या जागी नको.
शेजारी.
आणि आईला तो प्रश्न विचाराल तेव्हा दार लावून घ्या.
तिचं उत्तर घरी, कोर्टात, कुठेही जाणार नाही
असं वर छापा, ठळक.
बाटलीवरच्या अक्षरांइतकं बारीक नको.

हरकत एकच आहे आणि ती माझ्यावर.
ती तुमच्या रकान्यात मावणार नाही,
माझ्याकडेच राहू दे.

हे लिहायचं म्हणून टेबलावर कोरा कागद ठेवला
आणि चहाचं आधण बघायला उठले.
परत येते तो तळाशी सही,
'ना'चा काना रेघेबाहेर गेलेला.
"अरे, वर काय लिहिलंय ते तरी बघायचंस!"
"काहीच नाहीये," तो म्हणाला,
"तू लिहिणार आहेस ना."